घरगुती ब्रॉडबँड जोडणीचा सामायिक वापर

दूरसंचार कंपनीने घरात दिलेल्या एकाच इंटरनेट जोडणीवर एकापेक्षा अधिक संगणक, मोबाइल फोन व इतर उपकरणे एकाच वेळी चालवण्याची पद्धत. एका वायरीवरून अनेक यंत्रांची माहिती वाहून नेणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. खरा प्रश्न पत्त्याचा असतो. इंटरनेटवरील प्रत्येक यंत्राला ओळखीसाठी आयपी पत्ता लागतो, आणि सेवा पुरवणारी कंपनी घरगुती ग्राहकाला बहुधा एकच पत्ता देते. तो एक पत्ता घरातील सर्व यंत्रांनी मिळून कसा वापरायचा, या प्रश्नाच्या उत्तरावर ही पद्धत उभी आहे. तिचे फायदे, मर्यादा आणि घरमालकावर येणारी जबाबदारी या एकाच गोष्टीतून निघतात.

आयपीच्या चौथ्या आवृत्तीतील पत्ता ३२ बिटांचा असल्याने एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटीच होऊ शकतात. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच हा साठा पुरणार नाही हे अभियंत्यांच्या ध्यानात आले. मे १९९४ मध्ये शेल्ड एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस यांनी पत्ता-बदलाची, म्हणजे नेटवर्क ॲड्रेस ट्रान्स्लेशन किंवा ‘नॅट’ची कल्पना इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांच्या ‘आरएफसी’ मालिकेतील आरएफसी १६३१ मध्ये मांडली. फेब्रुवारी १९९६ च्या आरएफसी १९१८ ने खाजगी वापरासाठी पत्त्यांचे तीन पट्टे राखून ठेवले. घरोघरच्या राउटरवर दिसणारे १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते त्यांपैकीच एका पट्ट्यातील आहेत. हे पत्ते घराच्या आतच चालतात. त्यामुळे लाखो घरांत एकाच वेळी १९२.१६८.१.२ हा पत्ता असला तरी काही बिघडत नाही.

प्रत्यक्ष काम असे चालते. आतील संगणकाने पाठवलेले माहितीचे पॅकेट राउटरकडे आले, की राउटर त्यावरील खाजगी पत्ता काढून तेथे स्वतःचा सार्वजनिक पत्ता आणि स्वतः निवडलेला पोर्ट क्रमांक घालतो, आणि हा क्रमांक आतील कोणत्या यंत्राचा याची नोंद एका तक्त्यात ठेवतो. उत्तर आले की पोर्ट क्रमांक पाहून ते योग्य यंत्राकडे पोचवले जाते. पोर्ट क्रमांक १६ बिटांचा, म्हणजे ६५,५३६ शक्यतांचा असल्याने एका घराच्या गरजेला तो सहज पुरतो. मुंबईच्या चाळींत एकेकाळी एका बिऱ्हाडाचा दूरध्वनी शेजारच्या सगळ्यांचा ‘पी. पी. नंबर’ असे, बाहेरच्याला क्रमांक एकच ठाऊक, आणि फोन आला की घरचे लोक ज्याचा त्याला हाक मारीत. राउटर हेच हाक मारण्याचे काम करतो. मात्र त्याला आपणहून आलेला अनोळखी फोन कोणासाठी आहे हे कळत नाही. तक्त्यात नोंद नसलेले पॅकेट तो टाकून देतो, आणि बाहेरून आत सुरू होणारी जोडणी हवी असल्यास ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ची नोंद हाताने करावी लागते.

स्वतंत्र राउटर स्वस्त होण्यापूर्वी हे काम एखाद्या संगणकालाच करावे लागे. त्याला दोन नेटवर्क कार्डे बसवून एक मोडेमला आणि दुसरे घरातील ‘स्विच’ला, म्हणजे अनेक यंत्रांच्या तारा एकत्र आणणाऱ्या पेटीला, जोडत. १९९९ मध्ये आलेल्या विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘इंटरनेट कनेक्शन शेअरिंग’ ही सोय अंतर्भूत होती, तर लिनक्सवर त्याच तंत्राला ‘आयपी मास्करेडिंग’ म्हणत आणि त्यासाठी अडगळीत गेलेला जुना पेंटियम संगणकही पुरे. गैरसोय एवढीच, की तो मुख्य संगणक बंद झाला की सगळ्यांचेच इंटरनेट बंद पडे. डिसेंबर २००२ मध्ये बाजारात आलेल्या लिंक्सिस डब्ल्यूआरटी५४जी सारख्या यंत्रांनी राउटर, स्विच आणि वाय-फाय एकाच पेटीत आणले. या यंत्राच्या लिनक्स-आधारित सॉफ्टवेअरचा मूळ कोड कंपनीला खुला करावा लागला, आणि त्यातून २००४ मध्ये ‘ओपनडब्ल्यूआरटी’ हा प्रकल्प उभा राहिला. घरगुती राउटरच्या इतिहासात यापेक्षा मोलाची घटना क्वचितच सापडेल, कारण तिच्यामुळे आपल्याच घरातील पेटी आतून समजून घेण्याची वाट सामान्य वापरकर्त्याला मोकळी झाली.

भारतात २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने किमान २५६ केबीपीएस (सेकंदाला किलोबिट) वेगाला ब्रॉडबँड म्हटले, आणि जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलने दूरध्वनीच्या तांब्याच्या तारेवरून एडीएसएल सेवा सुरू केली. अशा सेवेत मोडेम पुष्कळदा ‘ब्रिज’ पद्धतीने, म्हणजे स्वतः डायल न करता माहिती फक्त पुढे पाठवणारा असा, लावून दिलेला असे. संगणकावर वापरकर्त्याचे नाव व पासवर्ड देऊन पीपीपीओई (नाव-पासवर्ड तपासून इंटरनेट देणारी पद्धत) जोडणी डायल करायची, म्हणजे इंटरनेट त्या एका संगणकापुरतेच मिळे. वास्तविक त्यांतील बहुतेक मोडेममध्ये राउटर आधीच असे. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडून पीपीपीओईचे नाव व पासवर्ड मोडेममध्येच साठवले, की तोच डायल करून सर्वांना जोडणी देई, आणि पुढे पाच पोर्टांचा (तारा जोडण्याच्या खाचांचा) साधा स्विच लावला तरी घरातील चार संगणक चालत. ही सोय अनेक ग्राहकांना कोणी सांगितलीच नाही, हे खेदाचे आहे. शहरांत गच्चीवरून इमारतीइमारतींत तार टाकणाऱ्या केबलचालकांची पद्धत वेगळी होती. ते जोडणी ग्राहकाच्या नेटवर्क कार्डाच्या मॅक पत्त्याशी, म्हणजे त्या कार्डाच्या मूळच्या ओळख क्रमांकाशी, बांधून ठेवीत, आणि म्हणून राउटर बसवताना संगणकाचा मॅक पत्ता राउटरवर उतरवण्याची ‘मॅक क्लोन’ सोय वापरावी लागे.

जोडणी लागूनही काही संकेतस्थळे अर्धवट उघडतात, असा अनुभव पीपीपीओईवर येत असे. एका इथरनेट चौकटीत, म्हणजे तारेवरून एका खेपेत जाणाऱ्या तुकड्यात, १,५०० बाइट मावतात. त्यांतील ८ पीपीपीओई घेत असल्याने १,४९२ उरतात. डायल करणाऱ्या संगणकाला हे ठाऊक असते, पण त्याच्यामागच्या संगणकांना नसते, म्हणून मोठी पॅकेटे वाटेत अडकतात. राउटरने जोडणी जुळतानाच दोन्ही टोकांना लहान आकार सुचवला, की अडचण सुटते. दुसरी नेहमीची चूक म्हणजे जुन्या राउटरच्या जोडीला दुसरा राउटर लावून दोन्हींवरील डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटण्याची सेवा, चालू ठेवणे. मग काही यंत्रांना एकाचे पत्ते मिळतात, काहींना दुसऱ्याचे, आणि बिघाड शोधण्यात दिवस जातो. दुसऱ्यावरील डीएचसीपी बंद करून तार त्याच्या लॅन (घराच्या आतील जाळ्याच्या) पोर्टात घालणे हा यावरचा सोपा उपाय आहे.

वेगाच्या वाटपाबद्दल मोठा गैरसमज आढळतो. चार संगणक जोडले म्हणून प्रत्येकाला चौथाई वेग मिळतो असे नाही. ज्या क्षणी जो मागणी करतो, त्याला उपलब्ध वेगातून वाटा मिळतो. एका वाचकाने पान उघडून वाचत बसावे आणि तेवढ्यात दुसऱ्याने सगळी तार वापरावी, हे नित्याचे आहे. तक्रारींचे मूळ पुष्कळदा अपलोडमध्ये असते, कारण एडीएसएलमध्ये वर जाणारा वेग खाली येणाऱ्या वेगाच्या एका लहान अंशाइतकाच असतो. वर जाण्याचा वेग ५१२ केबीपीएस, म्हणजे सेकंदाला ६४ किलोबाइट आहे आणि मोडेमच्या रांगेत, म्हणजे पाठवण्याची वाट पाहणाऱ्या माहितीच्या साठ्यात, २५६ किलोबाइट साठतात असे धरू. घरातील एकाने छायाचित्रे पाठवायला घेताच ही रांग भरते, आणि त्यानंतर दुसऱ्या कोणाचेही पॅकेट तब्बल चार सेकंद रांगेत उभे राहते. अमेरिकी अभियंता जिम गेटीस यांनी आपल्या घरच्याच जोडणीवर मोजमापे घेऊन २०१०-११ मध्ये या दोषाकडे जगाचे लक्ष वेधले. त्याला ‘बफरब्लोट’ म्हणतात. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी रांग आटोक्यात ठेवणारी ‘कोडेल’ पद्धत मांडली. तिच्यावर आधारलेली आणि प्रत्येक प्रवाहाला आळीपाळीने संधी देणारी ‘एफक्यू-कोडेल’ पद्धत जानेवारी २०१८ मध्ये आरएफसी ८२९० म्हणून प्रसिद्ध झाली. चांगल्या राउटरवर ती चालू केली, तर अधिक वेगाची महागडी योजना घेण्याची गरज अनेक घरांत उरत नाही.

वाय-फायमुळे वाटणी घराच्या भिंतींबाहेर गेली. सुरुवातीचे ‘वेप’ हे संरक्षण २००१ मध्येच फोडता येण्याजोगे ठरले होते. तरी पुढे कित्येक वर्षे अनेक घरांतील वाय-फाय वेपवर किंवा सताड उघडे राहिले. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेतील बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना आलेल्या धमकीच्या ई-मेलचा माग नवी मुंबईतील एका घराच्या आयपी पत्त्यापर्यंत पोचला. तेथील वाय-फायचा परस्पर गैरवापर झाल्याचे नंतर मानले गेले. पत्ता-बदलानंतर बाहेर दिसतो तो फक्त घराचा पत्ता, आणि चौकशीही प्रथम त्याच दाराशी येते. फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने ग्राहकांची वाय-फाय उपकरणे सुरक्षित करून घेण्याबाबत सेवा कंपन्यांना सूचना दिल्या. आज वाय-फायसाठी किमान डब्ल्यूपीए२ हे संरक्षण, आणि शक्य तेथे २०१८ चे डब्ल्यूपीए३ वापरणे, तसेच राउटरचा मूळचा पासवर्ड बदलणे, आवश्यक मानले जाते.

चौथ्या आवृत्तीच्या पत्त्यांचा केंद्रीय साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी संपला आणि आशिया-प्रशांत विभागाचा मुक्त साठाही त्याच एप्रिलमध्ये आटला. त्यानंतर अनेक कंपन्यांनी पत्ता-बदल स्वतःच्या जाळ्यातही सुरू केला आणि शेकडो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवले. यासाठी १००.६४ पासून सुरू होणारा पट्टा एप्रिल २०१२ मध्ये राखून ठेवण्यात आला. राउटरच्या बाहेरच्या बाजूला असा पत्ता दिसत असेल, तर घरातील राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग कितीही नीट केले तरी गावी बसून पुण्यातील घरचा कॅमेरा थेट पाहता येत नाही. आयपीच्या सहाव्या आवृत्तीत १२८ बिटांचा पत्ता असल्याने घरातील प्रत्येक यंत्राला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळू शकतो, पत्ता-बदलाची गरज संपते आणि कॅमेऱ्याचा प्रश्नही मुळातून सुटू शकतो. परंतु अनोळखी पॅकेट अडवण्याचे जे काम नॅटच्या तक्त्यामुळे आपोआप होत होते, ते येथे राउटरमधील फायरवॉलकडे जाते. सहाव्या आवृत्तीची सेवा सुरू करताना ही फायरवॉल चालू आहे ना, हे राउटरच्या पानावर आधी पाहून घ्यावे लागते.