लाँगरायफल बनवायची, पण कुठल्या घराण्याची?

भिंतीवर लावायला हाताने लाँगरायफल, म्हणजे १८व्या शतकात अमेरिकेत घडलेली लांब नळीची ठासणीची बंदूक, बनवायला घेतात ना, त्यातले बरेच जण सुरुवात नक्षीपासून करतात, म्हणजे एका फोटोतला पितळी पॅचबॉक्स (दस्त्यातली झाकणाची डबी) आवडला, दुसऱ्यातली चांदीची चांदणी आवडली, तिसऱ्याचा दस्ता आवडला, की सगळं एकत्र करून टाकायचं. मला हे अजिबात पटत नाही. पैठणीच्या पदराला इरकलीचे काठ जोडल्यासारखं होतं ते, दोन्ही सुंदर, पण जाणत्याला लगेच खुपतं. आधी गाव आणि दशक ठरवा, मग नक्षी बघा. असं का म्हणतोय ते कळायला थोडं मागे जावं लागेल.

१८व्या शतकाच्या सुरुवातीपासून जर्मन आणि स्विस कुटुंबं अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात येऊन वसायला लागली आणि त्यांच्यातल्या कारागिरांच्या हातात बसलेली बंदूक होती येगर. ठासणीचीच, गारगोटीच्या ठिणगीवर उडणारी, पण नळी आखूड, जाड, आतून पीळदार खाचा असलेली आणि बोअर, म्हणजे नळीचं भोक, मोठा. नव्या मुलुखात जंगलात महिनोन्‌महिने हिंडणाऱ्याला शिसं आणि बंदुकीची दारू पाठीवर वाहून न्यावी लागायची, आणि एक पौंड शिशात .६० कॅलिबरच्या (म्हणजे ०.६० इंच बोअरच्या) जेमतेम २१-२२ गोळ्या होतात तिथे .४५ च्या साधारण ५० होतात! त्यामुळे हळूहळू बोअर लहान झाला, नळी वाढत वाढत ४२ ते ४६ इंचांवर गेली, आणि दस्त्याला अक्रोडाऐवजी तिथलंच लाटालाटांच्या रेघांचं मेपल आलं.

आता शैली वेगवेगळ्या का झाल्या, तर गुरुशिष्य परंपरेमुळे. पोरगा उस्तादाकडे काही वर्षं काम शिकायचा, त्याचेच साचे, त्याचीच वळणं हातात बसायची, आणि मग चार गावं सोडून स्वतःचं दुकान टाकायचा. आपल्या गाण्यातल्या घराण्यांसारखंच की हे. पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथजवळ ख्रिश्चन्स स्प्रिंग नावाची मोरावियन या ख्रिस्ती पंथाची वसाहत होती, तिथल्या बंदूकशाळेत अँड्रियास आल्ब्रेख्त उस्ताद आणि ख्रिश्चन अर्टर त्यांचा शिष्य. अर्टरच्या सही आणि साल कोरलेल्या १७७४-७५ च्या रायफली आजही आहेत, म्हणून त्या घराण्याबद्दल बरंच ठामपणे बोलता येतं. पुढे आल्ब्रेख्त लँकेस्टर काउंटीतल्या लिटिट्झला गेले आणि हातातलं वळण त्यांच्याबरोबर तिकडे गेलं.

लँकेस्टरची ओळख सरळ रेषेतला दस्ता आणि पितळी पॅचबॉक्सच्या टोकाला कोरलेलं डेझीचं फूल. पॅचबॉक्सची ही डबी गोळीभोवती गुंडाळायच्या तेलकट चिंध्या वगैरे ठेवायला. जेकब डिकर्ट (१७४०-१८२२) इथला मोठा माणूस. पेनसिल्व्हेनियातल्याच लीहाय खोऱ्यात गेलात की चित्र एकदम बदलतं, दस्ता नाजूक आणि वरून गरुडाच्या चोचीसारखा वाकलेला, कोरीवकाम बहुतेक उथळ रेघेचं, आणि लाकडाच्या खालच्या अंगाला एक छोटा कोरलेला चेहरा असतो, बंदूक उलटी केल्याशिवाय तो दिसतच नाही. मला हे सगळ्यात जास्त आवडतं. आणि दक्षिणेकडे, टेनेसी-नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरात, पितळेऐवजी गावच्या लोहाराने घडवलेलं लोखंड, नक्षी जवळजवळ नाहीच, कित्येकदा पॅचबॉक्सच्या जागी चरबी ठेवायला नुसतं एक भोक. साधी पण देखणी.

ही काउंटीवार घराण्यांची मांडणी लोकांच्या डोक्यात पक्की बसवली ती पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्कचे जुन्या वस्तूंचे व्यापारी जो किंडिग ज्युनियर यांनी, १९६० मधल्या त्यांच्या पुस्तकातून.

गाव ठरलं तरी दशक उरतंच. अमेरिकन क्रांतीच्या आधीच्या दस्त्याचं टोक रुंद आणि सपाट, पॅचबॉक्सला बऱ्याचदा सरकतं लाकडी झाकण. साधारण १७८० ते १८२० हा सुवर्णकाळ, रोकोको वेलबुट्टी उठावात कोरलेली, गालाच्या बाजूला चांदीची आठ टोकांची चांदणी. नंतर टोक अरुंद होत चंद्रकोरीसारखं आत वळत गेलं, कोरीवकाम आटलं आणि चांदीचे तुकडे जडवणं वाढलं. गारगोटीऐवजी छोट्या स्फोटक टोपीवर उडणारा खटका तर १८२० नंतरचा, तो १७८५ च्या वेलबुट्टीवर बसवला की सगळी मेहनत वाया.

रंगाचंही तेच, दुकानातलं तयार वॉर्निश फासू नका. जुनी पद्धत म्हणजे नायट्रिक ॲसिडात लोखंड विरघळवून केलेलं पाणी लाकडाला लावायचं (उघड्यावर, हातमोजे घालूनच), मग तापलेलं लोखंड जवळून फिरवायचं. आधी लाकूड हिरवट-करडं, मळकट दिसतं, वाटतं गेलं सगळं, आणि उष्णता लागताच ते मधासारखं तांबूस होत जातं, मेपलच्या रेघा एकेक करून वर येतात. त्यावर जवसाचं तेल, तेही हातानेच चोळून.