टक्का: एका नाण्याचे अनेक भाव

एस.एस.एल.सी.चा, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीचा, निकाल लागला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे मराठी मूल 'पंच्याऐंशी टक्के मिळाले' असे सांगते आणि कन्नड वर्तमानपत्र तेच गुण 'शेकडा 85' असे छापते. शेकड्यात शंभर उघड दिसतो. टक्क्यात तो कोठून आला?

टक्क्याचे मूळ संस्कृत 'टंक'. टंक म्हणजे चार माशांचे, अर्थात चार ग्रॅमहून किंचित कमी वजन, आणि ठसा उमटवलेले नाणेही. आपली टांकसाळ, कन्नडची 'टंकसाले' आणि टंकलेखन ही त्याच कुळातली. तेराव्या शतकात दिल्लीच्या इल्तुतमिशने पाडलेला चांदीचा टंका मात्र सुमारे 11 ग्रॅमचा होता. म्हणजे वजनाचे नाव तेव्हाच वजनापासून सुटले होते.

पुढे धातूही बदलला. चांदीत तांबे वाढवत नेले तर नाणे तांबूस दिसू लागते, पण त्यावर एक जुनी युक्ती आहे. अशी चकती हवेत तापवली की पृष्ठभागावरच्या तांब्याचा प्राणवायूशी संयोग होऊन ऑक्साइड बनते, चांदी मात्र तशीच राहते; मग चकती आम्लात बुडवली की ऑक्साइड विरघळते आणि वर जवळजवळ शुद्ध चांदीचा पातळ थर उरतो. नाणे पांढरे दिसते आणि हाताळून थर झिजला की आतले तांबे उघडे पडते. लोदींच्या काळापर्यंत हिणकस टंके रुळले होते आणि अकबराच्या काळी टंका म्हणजे दोन दाम, म्हणजे रुपयाचा विसावा भाग, एवढ्यावर आला होता.

नाव मात्र टिकले आणि प्रांतोप्रांती वेगळ्या किमतीला चिकटले. हिंदी प्रदेशात टका म्हणजे दोन पैसे, रुपयाचा बत्तिसावा भाग. चोर्ला घाट उतरून गोव्यात गेले की पोर्तुगीज अमलातला 'टांगा' साठ रेइसांचा, रुपियाचा सोळावा भाग. बंगालने तर रुपयालाच टाका म्हटले आणि 1972 मध्ये बांगलादेशाने तेच नाव आपल्या चलनाला दिले.

मराठीतला शंभरावा भाग बहुधा सावकारी हिशेबातून आला असावा. शाळेतले 'द.सा.द.शे.' आठवावे: दरसाल, दर शेकडा टक्क्यांमागे पाच टक्के व्याज, असे वारंवार म्हणता म्हणता नाणे गळून प्रमाण तेवढे उरते. म्हणजे त्या वाक्यातला 'शेकडा' कन्नडने उचलला आणि 'टक्का' आपण ठेवला, असे म्हणायला हरकत नाही.

रशियनमधले 'देंगी' (पैसे) आणि कझाकस्तानचे चलन 'तेंगे' हे थेट संस्कृत टंकातून जन्मले, असा अभिमानी मजकूर मोबाइलवर फिरतो. या दोन्हींमागच्या तुर्की शब्दाचे टंकाशी नाते अभ्यासकांत वादाचेच आहे आणि नुसता उच्चार जुळणे हा पुरावा नव्हे. खरा पुरावा हवा असेल तर खिशातली शंभराची नोट काढून भाषांची पट्टी पाहावी: मराठीत 'रुपये', कन्नडमध्ये 'रुपायिगळु', पण असमिया, बंगाली आणि ओडिया ओळींत अनुक्रमे टका, टाका आणि टंका.