हर्णैच्या कातळापासून रियुनियनच्या ज्वालामुखीपर्यंत

हर्णै बंदरातून सकाळच्या वेळी डॉल्फिन दाखवणाऱ्या होड्या सुटतात. सुवर्णदुर्गाच्या आसपास तांडेल इंजिन बारीक करतो आणि सगळ्यांच्या नजरा पाण्यावर खिळतात. त्याच वेळी एकदा किल्ल्याच्या तटाखालच्या काळ्या कातळाकडेही बघावं, असं मला मनापासून वाटतं. एका प्रचंड ज्वालामुखी माळेची सुरुवात या कातळापासून होते. लक्षद्वीप, मालदीव, चागोस अशी ही माळ दक्षिणेला उतरत जाते आणि मॉरिशस ओलांडून रियुनियनला पोहोचते. यातल्या कोणत्या बेटाभोवती कोणते पक्षी आणि कोणते देवमासे दिसणार, हे बऱ्याच अंशी त्या बेटाच्या वयावर ठरतं.

आधी आपला कातळ. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनमध्ये जमिनीच्या भेगांतून लाव्हा वर आला आणि थरावर थर साचत गेले. आजही त्यांचा पसारा सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे आणि सह्याद्रीच्या पट्ट्यात त्यांची जाडी दोन किलोमीटरच्या घरात जाते. कोकणात हे थर समुद्राकडे कललेले आहेत. ओहोटीला असा कातळ जवळून पाहिला तर त्यात लहानमोठी भोकं दिसतात. लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे आत अडकले, त्यांच्या या जागा. काही रिकाम्या, काहींत पांढरी खनिजं भरलेली.

डोळ्यांना न दिसणारी एक नोंदही त्यात आहे. लाव्हा निवताना त्यातले लोहयुक्त बारीक कण पृथ्वीच्या त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून राहतात. विषुववृत्तापाशी ही दिशा जमिनीला समांतर असते, ध्रुवांकडे जावं तशी ती अधिकाधिक तिरपी होते. म्हणजे खडकातला तिरपेपणा मोजला की तो खडक कोणत्या अक्षांशावर थिजला हे काढता येतं. १९५०च्या दशकात दख्खनच्या खडकांची अशी मोजणी झाली, तेव्हा त्यांचा जन्म दक्षिण गोलार्धात झाल्याचं दिसलं. हर्णै आज विषुववृत्ताच्या सुमारे १८ अंश उत्तरेला आहे. दापोलीची, गुहागरची, रत्नागिरीची ही जमीन खरोखरच समुद्र ओलांडून इथे आली आहे.

शिलाई मशीनची सुई एकाच जागी खालीवर होत राहते, कापड पुढे सरकतं आणि त्यावर टाक्यांची ओळ उमटते. इथे तसंच झालं. पृथ्वीच्या पोटातून अतितप्त खडक एकाच ठिकाणी वर येत राहिला. भूशास्त्रज्ञ त्या जागेला हॉटस्पॉट म्हणतात. भारताला धरून असलेलं भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा प्रचंड तुकडा, त्यावरून उत्तरेला सरकत होतं, आणि एका काळात त्याचा वेग वर्षाला १५ सेंटिमीटरहून जास्त होता. आज तो साधारण ५ सेंटिमीटर आहे. पहिल्या उद्रेकात दख्खनचे थर घडले आणि पुढे समुद्रतळावर ज्वालामुखींची रांग उभी राहत गेली. १९८७ मध्ये एका संशोधन जहाजाने हिंदी महासागराच्या तळाला भोकं पाडून या रांगेतले खडक वर काढले. मालदीवजवळचा खडक सुमारे ५ कोटी ७० लाख वर्षांचा निघाला, चागोसजवळचा सुमारे ४ कोटी ९० लाख वर्षांचा. मॉरिशस ८०-९० लाख वर्षांचं आहे. रियुनियन त्याहून खूपच तरुण आहे आणि तिथला पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी आजही वरचेवर पेटतो. लक्षद्वीपच्या तळाशी जुन्या खंडाचे तुकडेही असावेत, असं काही भूशास्त्रज्ञ मानतात. पण वयाचा क्रम मात्र उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरत जातो.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. दापोली तालुक्यातल्या उन्हवऱ्याचं गरम पाणी म्हणजे त्या ज्वालामुखीची उरलेली धग नव्हे. पावसाचं पाणी भेगांतून खोल झिरपतं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि पुन्हा वर येतं. कोकणाखालची आग कधीच मागे, दक्षिणेला राहिली.

आता पाण्याकडे वळू. हर्णै-मुरुडच्या किनाऱ्यालगत दिसतो तो हिंदी महासागरी हंपबॅक डॉल्फिन. आधी लांबट चोच वर येते, मग पाठीवरचा उंचवटा आणि त्यावरचा छोटा पर, आणि करड्या रंगाचं अंग वळत पाण्यात जातं. टीव्हीवर दिसतात तशा उंच उड्या तो क्वचितच मारतो. त्याला उथळ पाणी लागतं, खाडीच्या तोंडाशी येणारी बोयसारखी मासळी लागते. कोकणापुढची समुद्रबूड जमीन लांबवर उथळ आहे, म्हणून तो किनाऱ्यावरूनही दिसतो. नेमकी हीच सवय त्याला भोवते. जाळी, सांडपाणी, बंदरं आणि इंजिनांचा गोंगाट हे सगळं याच पट्ट्यात आहे. धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीत ही जात संकटग्रस्त आहे. चार होड्यांनी एका कळपाला घेरणं थांबलंच पाहिजे. इंजिन मंद ठेवून बाजूने चाललं तर ते बराच वेळ दिसत राहतात.

रियुनियनला चित्र उलटं आहे. तो डोंगर समुद्रतळापासून मोजला तर सुमारे सात किलोमीटर उंच, त्यातला जेमतेम तीन किलोमीटरचा भाग पाण्यावर. किनारा सोडला की तळ झपाट्याने खोल जातो, त्यामुळे खोल पाण्यातले देवमासे बेटाच्या अगदी जवळ येतात. जून ते ऑक्टोबर या काळात अंटार्क्टिकाकडून हंपबॅक देवमासे पिल्लं घालायला तिथे येतात. याच जातीचा एक छोटा समूह आपल्या अरबी समुद्रात बारमाही राहतो. तो अंटार्क्टिकाला जात नाही आणि जनुकांवरून पाहता हजारो वर्षं इतरांपासून वेगळा पडलेला आहे. ओमानजवळ उपग्रह-टॅग लावलेली त्यातली एक मादी २०१७ च्या अखेरीस समुद्र ओलांडून भारताच्या किनाऱ्याने दक्षिणेला गेली होती.

रियुनियनच्या उंचीवर जगणारा एक समुद्रपक्षीही आहे, बॅराउज पेट्रेल. दोन हजार मीटरहून उंच कड्यांवर बिळं करून तो घरटी घालतो. एप्रिलच्या सुमारास पिल्लं रात्री समुद्राकडे झेपावतात आणि शहरांच्या दिव्यांनी भांबावून रस्त्यावर पडतात. म्हणून त्या दिवसांत तिथे अनेक ठिकाणचे दिवे मालवतात.

पण ज्वालामुखी थंडावला की बेट खचू लागतं. खालचं कवच निवतं, जड होतं आणि डोंगर हळूहळू पाण्यात उतरतो. भोवतीची प्रवाळं मात्र उजेडासाठी वर वाढत राहतात. शेवटी डोंगर बुडतो आणि प्रवाळांचं कंकण उरतं. ही कल्पना चार्ल्स डार्विनने १८४२ मध्ये मांडली. मालदीवमध्ये तेलाच्या शोधात विहीर खणली तेव्हा ज्वालामुखी खडक लागेपर्यंत दोन किलोमीटरहून जास्त चुनखडक पार करावा लागला. ती सगळी जीवांनी बांधलेली उंची.

डोडोची गोष्टही या बुडण्याशी जोडलेली आहे. मॉरिशसचा हा न उडणारा पक्षी कबुतराच्या कुळातला, आणि सतराव्या शतकात माणसाने आणि माणसाबरोबर आलेल्या प्राण्यांनी तो संपवला. २००२ मध्ये त्याच्या डीएनएची तुलना शेजारच्या रॉड्रिग्ज बेटावरच्या, त्याच्यासारख्याच नामशेष झालेल्या सॉलिटेअरशी केली गेली. दोघांची वाट अडीच कोटी वर्षांपूर्वी वेगळी झाली असावी, असा अंदाज निघाला. तेव्हा तर मॉरिशस जन्मालाही आलं नव्हतं! म्हणजे त्यांचे पूर्वज याच परिसरातल्या, आज पाण्याखाली गेलेल्या बेटांवर राहत असणार. या सगळ्या माळेत मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट हीच वाटते.

लक्षद्वीपला डोंगर उरलेला नाही, त्यामुळे डोंगरात बिळं करणारे पक्षीही नाहीत. तिथे सुरय हे समुद्रपक्षी आहेत. पिट्टी नावाच्या निर्मनुष्य वाळूच्या बेटावर ते वाळूतच अंडी घालतात. त्यातल्या सूटी टर्न या काळ्या पाठीच्या सुरयाची पिसं पाण्यात भिजतात, म्हणून तो पाण्यावर बसून विसावा घेऊ शकत नाही. घरटं सोडलेलं पिल्लू पुढची काही वर्षं जवळजवळ हवेतच काढतं.

जून-जुलैच्या वादळी वाऱ्यांत असेच खुल्या समुद्रातले पक्षी, सूटी टर्न, मास्क्ड बूबी, पेट्रेल, दमूनभागून कोकणच्या पुळणीवर येऊन पडतात. असा पक्षी दिसला तर त्याला पाण्यात परत ढकलू नये आणि तोंडात जबरदस्तीने पाणी किंवा मासा कोंबू नये. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, कोरड्या आणि शांत जागी त्याला ठेवावं, कुत्री आणि कावळे दूर ठेवावेत आणि वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवावं.