वरुडचा संत्रा आणि ढाक्याचं शुल्क

ऑक्टोबर लागला आणि आंबियाच्या, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडावर तोडणीला येणाऱ्या बहाराच्या, फळांवर रंग चढू लागला की अमरावती जिल्ह्यातल्या वरुड-मोर्शीच्या संत्रा बगीच्यांत व्यापारी फिरायला लागतात. फांदी वाकवून एखादं फळ तोडायचं, सोलून फोड तोंडात टाकायची आणि चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. इसाराचं, म्हणजे सौद्याच्या आगाऊ रकमेचं, बोलणं निघण्याआधी शेतकरीच विचारतो, ‘यंदा बांगलादेशले गाड्या जाऊन राह्यल्या काय?’ टनाचा भाव बराचसा त्या उत्तरावर ठरतो.

बांगलादेश क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या निम्माही नाही, माणसं मात्र सतरा कोटींच्या घरात. त्याला लहान म्हणायचं ते शेजाऱ्यांच्या मानाने. तीन बाजूंनी भारत, थोडं पलीकडे चीन. भारताने ६ डिसेंबर १९७१ रोजी मान्यता दिली आणि मार्च १९७२ मध्ये मैत्रीचा व व्यापाराचा असे दोन्ही करार झाले. चीनने मात्र त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नकाराधिकार वापरून बांगलादेशचा संयुक्त राष्ट्रांतला प्रवेश अडवला. ऑगस्ट १९७५ मध्ये शेख मुजीबूर रहमान यांची हत्या झाली आणि महिना संपता संपता चीनची मान्यता आली. तेव्हापासून ढाक्यात सरकार कोणाचंही असो, दोघांनाही दुखवायचं नाही आणि कोणा एकाच्या ओंजळीने पाणी प्यायचं नाही, ही चाल कायम आहे. आज त्या देशाला सगळ्यात जास्त माल विकतो तो चीन. दुसरा नंबर आपला.

आपल्या मालात कापूस आणि सूत मोठं. तयार कपड्यांवर जगणाऱ्या त्या देशात कापूस नावापुरता पिकतो, गिरण्या चालतात त्या बाहेरून आलेल्या गाठींवर. म्हणून २०१० आणि २०१२ मध्ये दिल्लीने कापूस निर्यात अचानक थांबवली तेव्हा इकडे कापूसवाले चिडले आणि तिकडे गिरण्यांची धावपळ उडाली. २०१९ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली. त्यानंतर दिल्लीत आलेल्या बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना यांनी हसत हसत सांगितलं की आपण स्वयंपाक्याला कांदा वापरू नको म्हटलंय, बंद करण्याआधी थोडं कळवलं असतं तर बरं झालं असतं. संत्र्यावर शुल्क वाढलं की आपल्याला बांगलादेश बेभरवशाचा वाटतो. त्यांच्या खात्यात आपली नोंदही फार वेगळी नसावी.

शुल्काची गोष्ट मात्र तिढ्याची आहे. भारताने २०११ मध्ये दारू-तंबाखूसारखे मोजके जिन्नस सोडून बांगलादेशच्या बाकी सगळ्या मालावरचं शुल्क काढून टाकलं. कमी विकसित देशांना ‘साफ्टा’ या दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करारात मिळणारी ती सवलत होती. उलट बाजूने तशी सूट आली नाही, कारण आयातीवरचे कर हा तिथल्या तिजोरीचा मोठा आधार आहे. शिवाय बाहेरचं फळ ही तिथे चैनीची चीज. २०२२ मध्ये डॉलरचा तुटवडा पडला तेव्हा मे महिन्यात सव्वाशेहून अधिक वस्तूंवर जास्तीचं २० टक्के शुल्क बसलं, त्या यादीत फळंही होती. २०२३ च्या हंगामात संत्र्यावरचं शुल्क किलोला ८८ रुपयांवर गेलं. बागेत मिळणाऱ्या भावाच्या दुपटीहून जास्त! गाड्या थांबल्या, माल देशातल्याच मंड्यांत कोसळला. डिसेंबरमध्ये नागपूर अधिवेशनात राज्य सरकारने किलोमागे ४४ रुपयांचं अनुदान जाहीर केलं. म्हणजे ढाक्याने लावलेल्या कराचा निम्मा भार मुंबईच्या तिजोरीने उचलायचा. पुढच्या वर्षी ढाक्याने तो पुन्हा वाढवला तर काय, याचं उत्तर त्यात नव्हतं.

ऑगस्ट २०२४ मध्ये सत्ता गेली, हसीना देश सोडून भारतात आल्या आणि गणित आणखी बिघडलं. एप्रिल २०२५ मध्ये भारताने बांगलादेशी मालाला आपल्या बंदरा-विमानतळांतून तिसऱ्या देशात जाण्याची सोय काढून घेतली. त्याच महिन्यात बांगलादेशने जमिनीवरच्या नाक्यांतून भारतीय सूत घेणं थांबवलं. मे महिन्यात भारताने त्यांचे तयार कपडे फक्त न्हावा शेवा आणि कोलकाता बंदरातून येऊ द्यायचं ठरवलं. संत्रा या भांडणात कुठेच नव्हता. पण तो जातो बंगालच्या सीमेवरच्या पेट्रापोल-बेनापोल नाक्यावरून, आणि तिथे गाड्यांची रांग लांबली की फळ वाट बघत नाही.

कमी विकसित देशांच्या यादीतून बांगलादेश बाहेर पडण्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी नेमून दिलेली तारीख २४ नोव्हेंबर २०२६ ही आहे. दिल्लीने २०११ मध्ये दिलेली सवलत त्या दर्जावरच उभी आहे. गंगेच्या पाण्याचा १९९६ चा तीस वर्षांचा करारही त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत संपतो. दोन्ही तारखा आंबियाच्या ऐन तोडणीत येतात.