पासष्ट टक्क्यांच्या आधी आणि नंतर: ॲश ते मिलग्रॅम

आज्ञापालनाचा विषय निघाला की मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅमचा ६५ टक्क्यांचा आकडा हमखास पुढे येतो. ‘वरून सांगितलं’ एवढ्यावर शंभरातली पासष्ट माणसं अनोळखी माणसाला ४५० व्होल्टचा धक्का द्यायला तयार झाली. आकडा खरा आहे, पण तो एकाच मांडणीतल्या ४० पुरुषांचा. येल विद्यापीठाच्या या प्रयोगात १९६१-६२ मध्ये वीसहून अधिक मांडण्या झाल्या आणि त्यांचे निकाल शून्यापासून नव्वदीच्या वरपर्यंत गेले. खरी माहिती या चढउतारात आहे.

सुरुवात धक्क्यांनी नव्हे, रेघांनी झाली. मुझफ्फर शेरिफने १९३५ मध्ये दाखवलं होतं की अंधाऱ्या खोलीतला प्रकाशबिंदू किती हलला, याचे अंदाज गटात हळूहळू एकमेकांजवळ येतात. पण बिंदू मुळात स्थिर होता, म्हणजे बरोबर उत्तरच नव्हतं. अशा वेळी दुसऱ्याचं ऐकलं तर बिघडलं काय? उत्तर डोळ्यांसमोर स्वच्छ दिसत असताना काय होतं, हे सोलोमन ॲशने १९५० च्या दशकात तपासलं. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन. सारख्या लांबीची ओळखायची. गटात खरा विद्यार्थी एकच, बाकी सगळे पढवलेले, आणि १८ पैकी १२ फेऱ्यांत ते एकमुखाने चुकीचं सांगत. खऱ्या विद्यार्थ्याची पाळी शेवटाकडे यायची, त्यामुळे तोवर सगळ्यांची चुकीची उत्तरं ऐकून झालेली असत. एकट्याने पाहताना एक टक्काही चूक न होणाऱ्या या कामात जवळजवळ ३७ टक्के उत्तरं गटाची री ओढणारी आली. तरी सुमारे पाव विद्यार्थी एकदाही बधले नाहीत, हे सांगायचं सहसा राहून जातं. विरोधात एकच माणूस असला तर परिणाम नगण्य, तिघे झाले की जवळपास पूर्ण. आणि बरोबर उत्तर देणारा एक जरी सोबती मिळाला, तरी चुका चौथाईवर यायच्या.

मिलग्रॅम या ॲशचा साहाय्यक होता. रेघेच्या बाबतीत होला हो केलं तर कुणाचं फारसं नुकसान होत नाही, ही गोष्ट त्याला खटकत होती. गटाच्या दबावाखाली माणूस दुसऱ्याला इजा करेल का, हे त्याला पाहायचं होतं. त्यासाठी आधी तुलनेला आधार हवा होता: गट नसताना, नुसत्या प्रयोगकर्त्याच्या सांगण्यावर एकटा माणूस कुठवर जातो? हा तुलनेपुरता भागच पुढे मुख्य प्रयोग झाला. तिकडे जेरुसलेममध्ये नाझी अधिकारी आइकमनचा खटला एप्रिल १९६१ मध्ये उभा राहिला होता, त्यामुळे प्रश्नाला आयतीच धार आली.

प्रयोगाला आलेला माणूस ‘शिक्षक’ व्हायचा; पलीकडच्या खोलीतला ‘शिकणारा’ उत्तर चुकला की त्याला दर वेळी वाढता धक्का द्यायचा. धक्क्यांचं यंत्र बारकाईने बनवलेलं होतं. ३० खटके, १५ व्होल्टपासून १५-१५ ने ४५० पर्यंत. खाली ‘सौम्य धक्का’पासून ‘धोका: तीव्र धक्का’पर्यंतच्या पाट्या आणि शेवटच्या दोन खटक्यांखाली नुसत्या तीन फुल्या. आलेल्या माणसाला आधी ४५ व्होल्टचा एक खरा झटका देत, म्हणजे शंका उरू नये. बाकी सगळं खोटं होतं: शिकणारा प्रयोगकर्त्याचाच माणूस होता आणि त्याला धक्का बसतच नसे. शिक्षक कोण आणि शिकणारा कोण हे ठरवायच्या दोन्ही चिठ्ठ्यांवर ‘शिक्षक’च लिहिलेलं असे. पायऱ्या मुद्दाम लहान होत्या: १५० ला दिलं, मग १६५ ला नाही म्हणायला कारण काय?

माणूस अडला की प्रयोगकर्ता ठरलेली चार वाक्यं क्रमाने म्हणायचा. पहिलं ‘कृपया पुढे चला’, चौथं ‘तुम्हाला दुसरा पर्यायच नाही’. १९६३ मध्ये छापलेल्या मांडणीत ४० पैकी २६ जण शेवटपर्यंत गेले आणि ३०० व्होल्टच्या आधी कुणीच थांबलं नाही.

मांडणी बदलली की चित्र पालटायचं. शिकणारा त्याच खोलीत आणला तर ४० टक्के. त्याचा हात स्वतः धरून धक्क्याच्या पट्टीवर दाबायचा असेल तर ३०. खटका दुसऱ्यानेच ओढायचा आणि आपण नुसते प्रश्न वाचायचे, तर ४० पैकी ३७ जण टिकले. शेजारच्या दोघा ‘शिक्षकां’नी बंड केलं तेव्हा ४० पैकी फक्त ४. दोन प्रयोगकर्ते १५० व्होल्टला आपसांत भांडले तेव्हा २० पैकी एकही शेवटाला पोचला नाही.

मिलग्रॅमची बाजू लंगडी पडते ती इथे: ध्वनिफितींत प्रयोगकर्ता चार वाक्यांवर थांबत नाही, हुज्जत घालत राहतो. काही सहभागींना धक्के खोटे असल्याचा संशय होता. अनेकांना पूर्ण खुलासा त्याच दिवशी केला गेला नाही. नैतिकतेवरची टीका १९६४ पासूनच सुरू झाली.

जेरी बर्गरने २००९ मध्ये १५० व्होल्टला प्रयोग थांबवून तो पुन्हा केला. मूळ प्रयोगात हा टप्पा ओलांडणाऱ्या पाचांपैकी सुमारे चार जण ४५० पर्यंत गेले होते, म्हणून तिथे थांबणं पुरेसं होतं. बर्गरकडे ७० टक्के लोक पुढे जायला तयार होते. नंतर त्याच नोंदी वाक्यागणिक तपासल्या, तर निव्वळ हुकमासारखं असलेलं चौथं वाक्य ज्यांच्या वाट्याला आलं, त्यांतला एकही पुढे गेला नव्हता. अलेक्स हॅस्लम आणि स्टीव्हन रायकर या मानसशास्त्रज्ञांचा युक्तिवाद इथून बळावतो: माणसं हुकमाला घाबरून नव्हे, विज्ञानाचं काम मोलाचं आहे असं पटल्यामुळे खटके ओढत होती.