शेंबूड हिरवा झाला म्हणजे अँटिबायोटिक हवंच का?

नाही. हा समज फार जुना आहे आणि त्यापायी गोळ्यांचे कोर्सवर कोर्स वाया जातात. हिरवा रंग जिवाणूंचा नसतो. नाकात सूज आली की रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे जमतात. त्यांच्यातल्या लोहयुक्त, हिरवट विकरामुळे (एन्झाइममुळे) शेंबडाला तो रंग येतो. साध्या विषाणूजन्य सर्दीतही हेच घडतं.

१२ आठवड्यांहून जास्त टिकणारा सायनसचा, म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्यांचा, त्रासही मुख्यतः त्यांच्या अस्तराच्या सुजेचा आजार आहे. त्यामागे ॲलर्जी, नाकातले मस्से (पॉलिप), धूर किंवा बुरशी असू शकते. त्रास एकाच बाजूला आणि दुर्गंधी असेल तर वरच्या दाढेचं मूळ जरूर तपासून घ्या. हे कारण हमखास निसटतं.

उपचाराचा पाया म्हणजे नाक धुणं. पाणी ३ ते ५ मिनिटं उकळून कोमट होऊ द्या. २४० मिलीला अर्धा छोटा (चहाचा) चमचा आयोडीनविरहित मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा घाला. नळाचं कच्चं पाणी कधीच वापरू नका, त्यातला अमीबा क्वचित मेंदूपर्यंत पोहोचतो आणि जिवावर बेततं. धुतल्यावर थोड्या वेळाने स्टिरॉइडचा फवारा मारा. मान किंचित खाली, उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, टोक त्याच बाजूच्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे. मधल्या पडद्यावर मारला की नाकातून रक्त येतं. गुण यायला काही आठवडे लागतात. चार दिवसांत सोडू नका. नाक मोकळं करणारे थेंब मात्र ३ ते ५ दिवसांपुरतेच, नाहीतर नाक उलट जास्त चोंदतं.

डोळ्याभोवती सूज, दुहेरी दिसणं किंवा तापासोबत असह्य डोकेदुखी असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.