ट्रॉली स्पीकर आणि बॅटरीचा ॲम्प: रस्त्यावर कीबोर्ड नाहीतर ऑक्टोपॅड वाजवायचा असेल तर नक्की काय घ्यायचं

दुकानात जाऊन "बॅटरीवर चालणारा स्पीकर दाखवा, कीबोर्ड लावायचाय" म्हटलं की समोर हमखास चाकंवाला, रंगीत लाईटवाला ट्रॉली स्पीकर येतो, कारण त्यालाही बॅटरी असते, माईकचं भोक असतं, आवाजही दणदणीत असतो. आणि शेजारीच एखादा छोटा, साधा दिसणारा ॲम्प असतो, रोलँडचा क्यूब स्ट्रीट ईएक्स नाहीतर बोसचा एसवन प्रो वगैरे, किंमत कितीतरी जास्त, मग वाटतं की ब्रँडचेच पैसे घेतायत. तसं नाहीये. ही दोन वेगळ्या कामांची यंत्रं आहेत आणि वाजवणाऱ्या माणसाला हा फरक पहिल्या पाच मिनिटांत हाताला जाणवतो.

ट्रॉली स्पीकर बनतो तो आधी रेकॉर्ड केलेलं गाणं वाजवायला आणि त्यावर माईकवर बोलायला किंवा गायला. शाळेचं गॅदरिंग, सोसायटीची पूजा, कराओके, यासाठी तो मस्तच आहे, त्याला नावं ठेवायचं काही कारण नाही. तुम्ही ट्रॅक लावून नुसतं गाणार असाल तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल, तोच घ्या. पण आपण कीबोर्ड नाहीतर ऑक्टोपॅड (काठीने वाजवायचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य) हाताने वाजवतो, आणि तिथे पहिला घोळ होतो तो उशिराचा. साध्या ब्लूटूथवरून आवाज पोचायला साधारण १०० ते ३०० मिलिसेकंद लागतात. गाणं ऐकताना हे कळतच नाही कारण सगळंच सारखं मागे असतं. पण मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, म्हणजे चौगुणीतला (एका मात्रेत चार बोल) एक बोल १२५ मिलिसेकंदाचा, आणि आवाज २०० ने मागे आला की तुम्ही पुढच्या बोलावर गेलेले असता आणि कानात मागचा वाजत असतो. आवाज सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास जातो, त्या हिशोबाने हे म्हणजे स्पीकर ६८ मीटर लांब ठेवून वाजवण्यासारखं झालं. कितीही रियाज असू दे, लय टिकत नाही. म्हणून वाद्य नेहमी वायरनेच जोडायचं. तसंही बऱ्याच कीबोर्डमधलं ब्लूटूथ मोबाईलचं गाणं आत घ्यायला असतं, आपला आवाज बाहेर पाठवायला नाही, हे घेण्याआधी नीट विचारून घ्या.

बरं, वायर लावली म्हणजे सुटलो असंही नाही. काही ट्रॉली स्पीकरमध्ये ऑक्सचा (मोबाईल किंवा वाद्य वायरने जोडायच्या भोकाचा) आवाजसुद्धा आतल्या डिजिटल प्रोसेसिंगमधून फिरून येतो आणि थोडा उशीर राहतोच. तपासायची पद्धत सोपी आहे: कीबोर्डवर ड्रम किटचा आवाज लावा, रिमशॉटची (ड्रमच्या कडेवर मारल्याचा कडक टक) पट्टी जोरात दाबा. पट्टीचा स्वतःचा टक आणि स्पीकरमधला टक एकत्र ऐकू आला तर ठीक, दोन वेगळे ऐकू आले तर तो स्पीकर आपल्या कामाचा नाही. दुकानदार घाई करेल, करू दे.

दुसरी गोष्ट इनपुटची. ट्रॉलीवरचं मोठं भोक बहुतेक वेळा माईकसाठीच असतं, मोनो (डावं-उजवं वेगळं नाही, एकच आवाज), वर एको लावलेला. माईकचा सिग्नल अगदी नाजूक आणि कीबोर्डचा लाईन आउट (आवाज बाहेर काढायच्या भोकातला सिग्नल) त्याच्या कितीतरी पट तगडा, त्यामुळे तिथे कीबोर्ड खुपसला की आवाज फाटतो. स्ट्रीट ॲम्पला, म्हणजे वर सांगितलेल्या बॅटरीच्या ॲम्पला, लाईन, माईक, गिटार यांची वेगळी सोय असते, कीबोर्ड आणि गाण्याचा माईक एकाच वेळी लावून दोघांचा आवाज वेगवेगळा कमीजास्त करता येतो. क्यूब स्ट्रीट ईएक्सला तर माईकच्या दोन चॅनेलशिवाय स्टिरिओ लाईन इन आहे, कीबोर्डवाल्याला अजून काय हवं.

पण इथे एक खोड आहे जिच्यामुळे खूप जण चांगल्या ॲम्पला उगाच दोष देतात. लहान कीबोर्डला बऱ्याचदा फक्त हेडफोनचं स्टिरिओ भोक असतं. तिथून स्टिरिओ वायर काढून ॲम्पच्या बॅलन्स्ड माईक इनपुटात घातली की पियानो एकदम पोकळ होतो, किक ड्रम गायब, नुसता रिव्हर्ब (आवाजामागची घुमणारी शेपूट) तरंगत राहतो. कारण बॅलन्स्ड इनपुट दोन तारांमधला फरक घेतो, आणि डाव्या-उजव्या बाजूला जे सारखंच आहे ते एकमेकांतून वजा होऊन जातं. उपाय काय, तर एका स्टिरिओ पिनमधून दोन मोनो पिना निघणारी वाय केबल घ्या आणि दोन चॅनेलला लावा. ऑक्टोपॅडला एल/मोनो असं लिहिलेलं आउट असतं, एकच चॅनेल असेल तर साधी मोनो वायर तिथूनच काढायची.

आता वॅट. खोक्यावर पीएमपीओ म्हणून हजारोंचा आकडा असतो त्याकडे बघूच नका, त्याला ठरलेलं माप नाही, आरएमएस, म्हणजे सतत मिळणारी खरी ताकद, विचारा. क्यूब स्ट्रीट ईएक्स ५० वॅटचा, ८ इंची दोन स्पीकर, ८ एए सेलवर पूर्ण आवाजाच्या मॅक्स मोडला साधारण ५ तास आणि बॅटरी वाचवणाऱ्या इको मोडला २० च्या आसपास चालतो. एसवन प्रो साधारण ७ किलोचा, आत लिथियम बॅटरी, कंपनी ११ तासांपर्यंत सांगते. स्वस्त ट्रॉलीत बहुधा १२ व्होल्टची लेड ॲसिड बॅटरी असते, ती पूर्ण उतरवली किंवा चार महिने पावसाळाभर तशीच पडू दिली की कायमची कमजोर होते, तेव्हा वाजवत नसलात तरी अधूनमधून चार्जिंग करत राहा. मला स्वतःला एए सेलचा ॲम्प सगळ्यात भरवशाचा वाटतो, कारण सेल संपले तर कोपऱ्यावरच्या टपरीवर मिळतात आणि कार्यक्रम थांबत नाही.

बजेटच नसेल तर ट्रॉली घ्या, पण वर सांगितलेली रिमशॉटची परीक्षा करून, ऑक्सला वायरने जोडून, आणि कीबोर्डचा व्हॉल्यूम अर्ध्यावर ठेवून. गिटारचा जुना ॲम्प मात्र कीबोर्डला नको, त्याच्या स्पीकरला वरचे सूर झेपत नाहीत आणि सगळं गोधडीखालून आल्यासारखं येतं.

आवाज फार मोठा लागतच नाही. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार लाऊडस्पीकरला लेखी परवानगी लागते, रात्री १० ते सकाळी ६ बंदी, रुग्णालय-शाळा-कोर्टाभोवतीचा किमान १०० मीटरचा भाग सरकारने शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केलेला असू शकतो, आणि निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. परवानगीचा कागद सोबत ठेवा, ॲम्प मागे जरा उंचावर ठेवा म्हणजे तुम्हालाही ऐकू येईल, आणि माईक त्याच्या तोंडासमोर येऊ देऊ नका.

आणि ऑक्टोपॅडवाल्यांनो, ॲम्प बॅटरीचा घेतलात तरी पॅडला करंट कुठून देणार ते आधी बघा. बऱ्याच कीबोर्डमध्ये ६ एए सेल बसतात, रोलँडच्या एसपीडी ३० ऑक्टोपॅडमध्ये सेलची सोय नाही, त्याला ९ व्होल्टचा अडॅप्टर लागतो. पॉवर बँकेवरून ९ व्होल्ट काढणारी केबल घेणार असाल तर रोलँडच्या पिनचा मधला भाग निगेटिव्ह असतो, हे बघूनच घ्या.